पोरीच्या करिअरवर पाळत

मु. पो. आखाडा बाळापूर,
ता. कळमनुरी, जि. हिंगोली

तीर्थरूप नाना यांच्या सेवेशी तातेरावाचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे, असं तुमची बहीण, म्हणजे आमच्या प्रतिक्षाची आई म्हणते. तिकडे सगळं ठीक आहे, असं वहिनी फोनवर म्हणतात. तुम्ही दोघं बहीणभाऊ आणि त्यात वहिनी, तिघं एकाच सुरात ठीक आहे म्हणायला लागले की माझ्या मनात पाल चुकचुकते. तेव्हा तुमच्या बीपीचं खरं काय आहे, गोळी रोज घेता की वहिनी खोलीत आल्यावर घेतल्यासारखं करता, ते उलट टपाली तुम्ही स्वतः लिहून कळवा. दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. तुमचं अक्षर मी ओळखतो.

फोन सोडून मी पत्र काहून लिहून राहिलो, असा प्रश्न तुम्हाला पडेल. नाना, फोनवर आता भरवसा ठेवायचे दिवस गेले. मागच्या महिन्यात मी अंगणात उभा राहून शेजारच्याला म्हणालो की विहिरीवरची मोटार जळाली. संध्याकाळी माझ्या फोनवर मोटारीची जाहिरात. आता हे कोणी सांगितलं? पहिल्यांदा शेजाऱ्यावरच संशय घेतला आणि चार दिवस त्याच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी तोच रागानं आला, त्याच्याही फोनवर तीच जाहिरात, आणि त्याचा संशय माझ्यावर. शिवाय आमच्या घरात फोनचं सगळं प्रतिक्षानं बसवून दिलेलं आहे, कोणतं बटन कुठं जाऊन पोचतं ते तिलाच ठाऊक. आणि हे पत्र तर तिच्याबद्दलच आहे.

तुम्ही नांदेडच्या पतसंस्थेत तिच्यासाठी काउंटरवरची जागा बघून ठेवलीत, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष झालं की जूनपासून लावून देतो म्हणालात, पुढच्या शिक्षणाचं नंतर बघू म्हणालात, आणि मी लगेच हो म्हणालो. घरची जागा, मामाची ओळख, नाही म्हणायला जागाच नव्हती. त्या जागेबद्दलच लिहायचं आहे, पण मधे बरंच काही घडलं. ते क्रमानं सांगतो. (तुम्हाला कागदाची शेवटची बाजू आधी वाचायची सवय आहे, असं तुमच्या बहिणीनं मला लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. कृपा करून या खेपेला तसं करू नका.)

झालं असं की प्रतिक्षानं हिंगोलीच्या कॉलेजातून निरोप आणला. पालक मेळावा. विषय, पाल्याचे करिअर नियोजन आणि पालकांची भूमिका. आता मला सांगा, शाळेत असताना मास्तरनं बापाला बोलावलं म्हणजे पोरानं खिडकीची काच फोडली, नाहीतर शाळेला छप्पर घालायचं आहे, याशिवाय तिसरं कारण मी ऐकलेलं नाही. मी पोरीला विचारलं, काहून बोलावलं? ती म्हणाली, "यायचं तर या बाबा, न्हाई आलात तरी चालतंय." नाना, जो माणूस इतक्या सहज न्हाई आलात तरी चालतंय म्हणतो, त्याला आपण यायला नकोच असतो. म्हणून मी गेलो. सोबत हिरासिंगला घेतलं. तुम्हाला आठवत असेल, आमच्या चौकात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्याचा मुलगा त्याच कॉलेजात बी.ए.ला आहे.

हॉलमधे गेल्या गेल्या माझ्या लक्षात आलं की पंखे सगळे चालू आहेत. भाषणाच्या आधीच चहा आणि बिस्किट. मी हिरासिंगला कोपर मारलं. अशा बैठका आपण बघितलेल्या आहेत. विम्याची बैठक अशीच असते, चुंबकाच्या गादीची अशीच असते, आणि हिंगोलीच्या बाहेर माळावर प्लॉट विकायला आले होते त्यांनी तर जेवण घातलं होतं. मी पाकीट आतल्या खिशात सरकवलं आणि दाराजवळची खुर्ची धरली. हजेरीच्या कागदावर सही मागितली तर जरा वेगळी सही केली, कारण खरी सही कुठे चिकटवतील सांगता येत नाही. मग कॉलेजातल्या सुनीती मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. वयानं आपल्या प्रतिक्षापेक्षा फार मोठ्या नसतील. बाईंनी तासभर बोलून काहीही विकलं नाही. हिरासिंग माझ्या कानात म्हणत राहिला, "आखरीला काढतेत बघा." आखरीपर्यंत काही निघालं नाही. उलट आणखी एकदा चहा आला. मला त्या बाईची जरा भीतीच वाटायला लागली.

त्यांचं म्हणणं असं होतं. पहिल्या वर्षी लेकराला चार गोष्टी बघू द्या. दुसऱ्या वर्षी एखादं काम जवळून बघू द्या. तिसऱ्या वर्षी ठरवायचं ते त्यानं ठरवावं, तुम्ही फक्त पाठीशी उभं राहावं. घरी बोलताना ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं येणार नाही असे प्रश्न विचारा. लेकरू बोलत असताना मधे तोंड घालू नका, मान हलवून ऐका. तुमच्या ओळखीचे लोक वेगवेगळ्या कामात असतील, त्यांची भेट घालून द्या. इथपर्यंत मी सगळं बराबर ऐकलं. पुढे बाईंनी एक इंग्रजी शब्द वापरला आणि त्याचा अर्थ सांगायला लागल्या, तेवढ्यात दुसऱ्या चहाचा ट्रे आमच्या रांगेत आला. हिरासिंगनं बिस्किटं दोन उचलावीत की तीन, यावर आमचं थोडं बोलणं झालं. मी पुन्हा कान दिले तेव्हा बाई सांगत होत्या, की एक दिवस सावलीसारखं मागं मागं राहायचं, काही बोलायचं नाही, मधे पडायचं नाही, माणूस दिवसभर काय करतो ते फक्त बघायचं. मला ती गोष्ट फार पटली. इतक्या शिकलेल्या बाईच्या तोंडून पाळत ठेवायला परवानगी मिळेल, असं मला वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर मी एकेक उपाय सुरू केला. पहिला प्रश्नांचा. जेवताना मी विचारलं, "प्रतिक्षा, तू कुठं कुठं जातीस, कोणाकोणासंगं जातीस आणि काहून जातीस?" यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही, हे तुम्ही मान्य कराल. ती म्हणाली, "कॉलेजला." तीन प्रश्नांना एक उत्तर. तुमची बहीण म्हणाली, पोरीला दोन घास सुखानं खाऊ द्या. दुसऱ्या दिवशी मी नुसतंच ऐकायचं ठरवलं. ती काहीतरी सांगत होती आणि मी मान हलवत राहिलो. थोड्या वेळानं ती उठली आणि बामची बाटली घेऊन आली. मानेला कधीपासून त्रास होऊन राहिला म्हणून विचारायला लागली. बाम लावून घ्यावा लागला.

मग ओळखीच्या लोकांची भेट. यात माझे दोन हेतू होते, एक मॅडमचा आणि एक माझा. आधी शाळेच्या मुख्याध्यापकांकडे नेलं. ते म्हणाले, बेटा काहीही कर, मास्तर होऊ नको. बँकेतल्या कॅशियरकडे नेलं, ते म्हणाले काहीही कर पण बँकेत येऊ नको, त्यापेक्षा मास्तर हो. जो तो आपलं सोडून दुसऱ्याचं काम चांगलं सांगतो, यामागे आपापली खुर्ची राखायचा डाव आहे, असं माझं मत झालं. (प्रतिक्षा मात्र दोघांनाही तुमचा दिवस कसा जातो, यात काय आवडतं, असं खोदून विचारत होती, आणि कॅशियर इतके खुलले की त्यांनी तिला घरचं आंब्याचं लोणचं दिलं.) निघताना पोरगी चपला घालेपर्यंत मी मागं राहून माझा हेतू साधायचो. हळूच विचारायचो, आमची प्रतिक्षा तुम्हाला कुठं कोणासंगं दिसली का? नाना, मी हे फक्त चार माणसांना विचारलं. आठवड्याच्या आत सगळ्या बाळापुरात तातेरावाची पोरगी कोणासंगं तरी दिसून राहिली, अशी बातमी झाली, आणि ती बातमी मलाच सांगायला लोक यायला लागले. मी त्यांना विचारायचो, कोणासंगं? ते म्हणायचे, तेच तर तुमी इचारून राहिलेत म्हणे.

पण चौथा माणूस गुलाबसिंग निघाला. तो हिंगोलीच्या आगारात कंट्रोलर आहे, सगळ्या गाड्यांवर आणि उतरणाऱ्यांवर त्याची नजर. तो म्हणाला, "दर बुधवारी उतरती तर खरी, पण कॉलेजाकडं जात न्हाई. मोंढ्याकडं जाती." मोंढ्यात फिजिक्सच्या पोरीचं काय काम? तिथं हळदीची पोती, हमाल, अडते आणि आमच्यासारखे शेतकरी. त्याच आठवड्यात तुमच्या बहिणीला तिच्या पर्समधे एक पितळी वजन सापडलं. चांगलं जड. मी विचारलं, हे काहून? ती म्हणाली, प्रॅक्टिकलचं आहे. मला वाटलं, कोणीतरी पोरीला त्रास देऊन राहिलाय आणि तिनं डोक्यात घालायला जवळ ठेवलंय. बापाला सांगत नाही म्हणजे प्रकरण मोठं. नाना, थट्टा बाजूला ठेवून सांगतो, त्या दोन दिवसांत मला जेवण गेलं नाही. तेव्हाच मी तुम्हाला फोन करून म्हणालो होतो, की जूनपर्यंत काहून थांबायचं, आधीच घेऊन जा तिला नांदेडला. तुम्ही विचारलंत काय झालं, आणि मी म्हणालो काही नाही. काही नाही म्हणालो ते खोटं होतं.

बुधवारी मी सावलीचा उपाय करायचं ठरवलं. तोंडाला दस्ती बांधली, डोळ्याला हिरासिंगच्या वडिलांचा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, डोक्याला कधी न घालणारी टोपी. स्टँडवर झाडाआड थांबलो. प्रतिक्षा एसटीत चढून पुढे बसली, मग मी चढलो आणि शेवटच्या सीटवर जाऊन बसलो. मला आरशात मी ओळखू आलो नव्हतो. पण कंडक्टर मिनाबाई पहिल्या सीटवरूनच म्हणाली, "तातेरावभाऊ, हिंगोलीच का?" माझ्या मांडीवरच्या पिशवीवर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं, श्री. तातेराव यांच्या गृहप्रवेशानिमित्त सप्रेम भेट. (त्या पिशव्या तुम्हीच छापून आणल्या होत्या. मी तेव्हाच म्हणालो होतो, नाव काहून पाहिजे.) मग सगळी गाडी माझ्या डोळ्यांची चौकशी करायला लागली. एका म्हातारीनं गुलाबपाणी सांगितलं. कळमनुरीला चढलेल्या माणसानं, आंधळा समजून, मला खिडकीजवळ सरकवलं आणि बाहेर काय काय दिसतं ते सांगत राहिला. प्रतिक्षाच्या कानात गाण्याची बोंडं होती. तिनं एकदाही मागे वळून बघितलं नाही, याचं मला त्यातल्या त्यात समाधान वाटलं.

हिंगोलीला उतरून ती खरंच मोंढ्याकडे निघाली. मी मागे. मोंढ्याच्या फाटकापाशी स्कूटरवर कोणीतरी थांबलेलं. डोक्यात हेल्मेट, अंगात जाड कोट, पायाशी एक पेटी. दोघांचं हसून बोलणं झालं. प्रतिक्षानं पेटीचं एक कडं धरलं, हेल्मेटवाल्यानं दुसरं. असं वाटलं जावं आणि धरावी कॉलर. पण मॅडमनं मधे पडू नका म्हणून सांगितलेलं. मी पोत्यांच्या थप्पीमागून सरकत राहिलो. सीझन जोरात, हळदीची धूळ अशी उडत होती की काळ्या चष्म्यातूनही सगळं पिवळं दिसायचं. दोघं भागवतशेठच्या दुकानात शिरली आणि तिथं हेल्मेट निघालं. आत अंबाडा निघाला. बाई होती नाना, चाळिशीची, कपाळाला टिकली. माझा जीव खाली बसला आणि लगेच पुन्हा वर आला. कारण भागवतशेठ म्हणजे माझा अडत्या. कैक वर्षं माझी हळद त्याच्याच काट्यावर मोजली जाते आणि कैक वर्षं त्या काट्यावर माझा संशय आहे. जेव्हा जेव्हा हळद विकून आलो, तेव्हा तेव्हा पोतं हलकं भरलं म्हणून मी घरी बोललेलो आहे. तुमच्यापाशीसुद्धा बोललेलो आहे.

त्या बाईंनी पेटी उघडली. आत वजनं होती. त्या होत्या वजनमाप खात्याच्या निरीक्षक, पुनम मॅडम. त्या एकेक वजन काट्यावर ठेवायच्या आणि प्रतिक्षा आकडा वाचायची. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. वाटलं, आज भागवतशेठ सापडला, आणि सापडला तो माझ्या पोरीच्या हातानं. ठेवलेलं वजन आणि काट्यावरचा आकडा एकच. पुन्हा ठेवलं, पुन्हा एकच. तिसऱ्यांदाही तसंच झाल्यावर मात्र माझ्यानं राहवेना. मी पोत्यांमागून ओरडलो, "काटा खोटा आहे त्यो. कोपऱ्यावर ठेवून बघा."

सगळा मोंढा थांबला. प्रतिक्षा जराही दचकली नाही. म्हणाली, "बाबा, बाहेर या." मी बाहेर आलो तर डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. भागवतशेठ म्हणाला, "तातेराव, हळद इकायला आलात का लावून घ्यायला?" हमाल पोती टाकून हसायला लागले. पुनम मॅडमनं मात्र हसू न येऊ देता विचारलं, तुम्हाला तक्रार करायची आहे का. मी म्हणालो, व्हय. त्या प्रतिक्षाकडे वळून म्हणाल्या, कोपऱ्यांवर ठेवून पुन्हा बघ. आणि माझ्या पोरीनं, सगळ्यांसमोर, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून बघितलं. घाई केली नाही. माझ्याकडे बघितलं नाही. मग उभी राहिली.

"काटा बराबर आहे, बाबा."

"नीट बघ."

"नीटच बघितला. तुमचा संशय खोटा हाय. काटा खरा हाय."

नाना, मी तिथल्याच एका पोत्यावर बसलो. चारचौघांत पोरगी बापाच्या बाजूनं बोलली नाही, हे आधी झोंबलं. इतकी वर्षं ज्यावरून घरात जेवताना वाद घातला ते सगळं एका मिनिटात गेलं, हे मग झोंबलं. भागवतशेठनं पाणी दिलं. (ते मी वास घेऊन प्यालो. सवय.) नंतर पुनम मॅडम आणि प्रतिक्षा शेजारच्या दुकानात गेल्या. तिथला मालक मोठा गोड माणूस, जाता येता रामराम घालणारा, त्याच्यावर मी जन्मात संशय घेतलेला नाही. तिथला काटा चुकला. पोतं चढवायच्या आधीच शून्याच्या खालचा आकडा दाखवून राहिला होता, म्हणजे दर पोत्यामागं शेतकऱ्याला फटका. मालक म्हणाला, "बेटा, तू तर आपल्या तातेरावांची पोरगी, घरचीच. आधी थंड घे." प्रतिक्षा म्हणाली, "थंड नको काका. काटा रिकामा करा, पुन्हा बघायचाय." आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही. मी लांबून बघत होतो. ज्या आवाजात तिनं मला खोटं ठरवलं, त्याच आवाजात ती त्याच्याशी बोलली. तेव्हा माझं झोंबणं जरा कमी झालं.

काम संपल्यावर आम्ही दोघं मोंढ्याबाहेर चहाला बसलो. मी म्हणालो, सुनीती मॅडमनंच सांगितलं सावलीसारखं मागं राहा म्हणून. तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "बाबा, ते आमाला होतं. जे काम करायचंय, ते करणाऱ्या माणसामागं पोरानं एक दिवस राहून बघायचं. बापानं पोराच्या मागं न्हाई." म्हणजे बिस्किटांच्या वेळी जे सुटलं ते हे. कॉलेजनं पत्र दिलं होतं आणि पुनम मॅडमनं तिला एक दिवस यायला सांगितलं होतं. तिनं दर बुधवारी येऊ का विचारलं. त्या हो म्हणाल्या. पितळी वजन त्यांनीच दिलेलं, जुनं, बाद झालेलं, बघायला.

"मग घरी काहून सांगितलं न्हाईस?"

"आईला सांगितलं होतं."

"मला काहून न्हाई?"

"तुमी पुनम मॅडमची चौकशी केली असती. त्या पैसे खातात का म्हणून आधी हापिसात इचारलं असतं, मग शेजारपाजारी."

मी म्हणालो, त्यात वाईट काय आहे. ती म्हणाली, "मग त्यांनी मला दुसऱ्या बुधवारी येऊ दिलं असतं का?" तिनं रिकामा कप बशीत गोल फिरवला. मग म्हणाली, "मी लहानपणापासून ऐकून राहिले, भागवतशेठचा काटा खोटा. तुमी म्हणता खोटा, ते म्हणतेत खरा. तुमी हळद इकून आलात की आठ दिस घरात तेच. आई चिडती, तुमी चिडता. मला वाटायचं, कोणीतरी एकदा जाऊन बघावं ना. बघणारं माणूस असतंय, ते कॉलेजात आल्यावर कळलं. मला ते माणूस व्हायचंय." फिजिक्सची पदवी त्यासाठी चालते, वर सरकारी परीक्षा द्यावी लागते, अवघड आहे, पहिल्या खेपेला होईलच असं नाही, हे सगळं तिनं मला न लपवता सांगितलं. मी मधे तोंड घातलं नाही. मान हलवली. यावेळी तिनं बाम काढला नाही.

तेव्हा नाना, मुद्दा असा की पतसंस्थेची जागा तुम्ही दुसऱ्या कोणाला द्या. प्रतिक्षा तिसरं वर्ष करणार आहे आणि त्यानंतर परीक्षेला बसणार आहे. तुम्ही शब्द टाकला होता आणि मी तुम्हाला तोंडघशी पाडून राहिलो, हे मला कळतं. तुम्ही रागवा, रागवायचा तुम्हाला हक्क आहे. पण तिनं ठरवलंय, आणि ठरवताना तिनं काटा बघून ठरवलंय. मी आजपर्यंत नुसती माणसं बघून ठरवत आलो. (बाकी पतसंस्थेच्या चेअरमनचा मुलगा लग्नाचा आहे, असं मला नांदेडहून आलेल्या एका पाव्हण्यानं सांगितलं. तुम्ही जागा बघितली तेव्हा ही गोष्ट तुमच्या ध्यानात नव्हती, असं मी धरून चालतो.)

वहिनींना नमस्कार, घरातल्या लहानांच्या डोक्यावरून हात फिरवा, आणि गोळ्यांचं लिहायला विसरू नका.

आपला,
तातेराव

ता. क. मोंढ्यातला प्रकार तुमच्या बहिणीला आम्ही सांगितलेला नाही. शर्ट पिवळा काहून झाला म्हणाली, तर भागवतशेठच्या दुकानात सत्कार झाला म्हणून सांगितलं. तुम्हीही तेच सांगा.

दुसरा ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. सुट्टीत तिला परीक्षेच्या अभ्यासाला नांदेडला राहायचं आहे. तुमच्या किराणा दुकानाच्या माडीवरची खोली रिकामी असते, असं ऐकून आहे. ती दिलीत तर उपकार होतील. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. तिच्यावर लक्ष ठेवा असं मी म्हणत नाही, मी आता ते सोडलं आहे. पण सहज खिडकीतून दिसलं तर कोण येतं जातं ते कळवत जा.

तिसरा ता. क. ती यायच्या आधी तुमच्या किराणा दुकानातला काटा एकदा तपासून घ्या. माझा तुमच्यावर संशय नाही. मी फक्त तिचा स्वभाव सांगून ठेवतो.

—

मामांना आणि मामींना प्रतिक्षाचा नमस्कार. बाबांनी हे पाकीट चिकटपट्टीनं सगळीकडून बंद करून पोस्टात टाकायला आईकडे दिलं, आणि आईनं माझ्याकडे. इतकं बंद केलेलं बघून उघडावंच लागलं. माडीवरच्या खोलीचं आईनं मामींशी मागंच बोलून ठेवलं आहे, तुम्ही तकलीफ घेऊ नका. मोंढ्यातलंही आईला सगळं माहीत आहे. भागवतकाकांनी त्याच दिवशी फोन केला होता. सत्कार झाला असं बाबा म्हणाले तेव्हा तिनं फक्त शर्ट भिजत घातला.

बाबांना तेवढं सांगू नका, पण ते स्टँडवर झाडामागं उभे होते तेव्हाच मला दिसले होते. हिंगोलीत स्टँडपासून मोंढ्यापर्यंत ऊन फार होतं आणि त्यांचा गुडघा दुखतो. मी दोनदा चपलेचा पट्टा लावायचं सोंग करून थांबले, त्यांना गाठता यावं म्हणून.